हार उघडाच ठेव

कॉव्हेंट्री,
२० जानेवारी २००४

प्रिय प्रमोदिनी,

तुझं पाकीट शनिवारी आलं. तिळगुळाऐवजी तू मॅकाडेमियाच्या वड्या पाठवल्यास, त्या कस्टम्सवाल्यांनी फोडून पुन्हा टेपने चिकटवल्या होत्या. चुरा झालाय, पण चव छान आहे. रोज चहाबरोबर चमचाभर खाते.

इथे बर्फ पडेल पडेल म्हणतात आणि पडत नाही. नुसता काळोख. चार वाजता दिवे लावावे लागतात. ज्ञानेश्वर होते तेव्हा ते काम त्यांचं असायचं, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची की इतक्यात कशाला, बिल येतं. आता मीच तीन वाजल्यापासून घरभर लावून ठेवते.

मंडळाचं हळदीकुंकू गेल्या रविवारी झालं. मी गेले नाही. सर्दी झाली होती.

आता चांगली बातमी. मी आजी होणार. ईशिताला दिवस गेलेत. उदय फोनवर इतका अडखळत सांगत होता की मला वाटलं, नोकरी गेली. जूनमध्ये बाळ येईल. सातव्या महिन्यात, म्हणजे एप्रिलात, स्टॅनमोरला त्यांच्या घरी डोहाळजेवण करायचं असं ईशिताच्या आईने, सीमाताईंनी, ठरवलं आहे. ईशिता इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. मराठी बोलते, पण 'तो भाजी' म्हणते. मुलगी गोड आहे, पण माझ्यापासून जरा लांबच असते. कामाची माणसं, आपण काय बोलणार?

तू त्या बेटावर एकटी का राहतेस, हे पुन्हा विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी विचारते. शशिधरना जाऊन चार वर्षं झाली. नागपूरला भाऊ आहे. नाहीतर माझ्याकडे ये. वरची खोली रिकामीच असते.

तुझी,
अरुणा


हिलो, हवाई,
८ फेब्रुवारी २००४

प्रिय अरुणे,

आजीबाई, अभिनंदन. मी मोठ्याने वाचून दाखवलं पत्र. ऐकायला फक्त पाल होती, ती चुकचुकली. मी कृष्ण कृष्ण म्हटलं. इथल्या पालींना आता सवय झालीय.

तुझी सर्दी मी आठवीपासून ओळखते. कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेसनी कॅरल्सच्या वेळी तुला मागच्या रांगेत उभं केलं, तेव्हाही तुला अशीच सर्दी झाली होती. मंडळाचं बोलावणं आलं होतं का, एवढंच सांग.

इथे का राहते ते विचारलंस. आजवर सांगितलं नाही, आता सांगते. शशिधर गेले तेव्हा ते काम करायचे त्या दुर्बिणीच्या ऑफिसातले लोक आले, फुलांचा गुच्छ ठेवून गेले. मग कुणी नाही. मी पडदे ओढून बसले. एका सकाळी शेजारची पुआआंटी आली. ती मूळची इथलीच, हवाईची. शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करून रिटायर झालेली. तोवर आमची ओळख कुंपणावरून हात हलवण्यापुरती. तिच्या हातात पानात गुंडाळलेला लेई होता. लेई म्हणजे यांचा हार. पिकाकेचा होता. पिकाके म्हणजे आपला मोगराच गं.

ती माझ्या गळ्यात घालायला पुढे झाली आणि मी दोन्ही हात वर करून मागे सरकले. म्हटलं, आंटी, मी आता फुलं घालत नाही.

ती म्हणाली, "अ‍ॅलर्जी आहे?"

मग मी सगळं समजावून सांगितलं. नवरा गेला की आमच्याकडे फुलं नाहीत, कुंकू नाही, शुभकार्यात पुढे व्हायचं नाही. ती पायरीवर बसली. इथे कुणी दिलेला लेई नाकारणं म्हणजे त्या माणसालाच नाकारणं. मला ते ठाऊक होतं, तरी मागे सरकले होते. तो हार तिने मांडीवर घेतला. मग म्हणाली, "आमच्यात ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरातल्या बाईला आम्ही जास्त फुलं घालतो. तिला एकटं ठेवत नाही. तुमच्याकडे उलटं का?"

तिने हार घातला. इंजेक्शन घेताना बसतो तशी मी मान ताठ करून बसले. मग वास आला आणि मला रडू फुटलं. शशिधर गेल्यावर तोवर मी रडलेच नव्हते.

म्हणून राहते. इथे वयाने मोठी बाई दिसली की वाणी, बसवाला, पोस्टातली पोरगी, सगळे आंटी म्हणतात. मी 'आंटी प्रमो' आहे. स्वर्ग आहे असं समजू नकोस. सतत पाऊस, पत्र्यावर तडतड, आणि संध्याकाळी मराठीत बोलायला ती पाल. पण दुपारी कुणीतरी दार वाजवतं.

खरं काय ते लिही.

तुझी,
प्रमोदिनी


कॉव्हेंट्री,
२ मार्च २००४

प्रिय प्रमोदिनी,

बोलावणं आलं नव्हतं. झालं समाधान? पण तू समजतेस तसं नाही. मंडळाच्या अनुराधावहिनींचा नंतर फोन आला होता. म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होईल म्हणून मुद्दामच नाही कळवलं हो." किती चांगली माणसं आहेत. ज्ञानेश्वर हॉस्पिटलात होते तेव्हा याच वहिनी रोज डबा घेऊन यायच्या. त्यांना मी काय म्हणणार? मीसुद्धा इतकी वर्षं कितीतरी जणींना बोलावलं नाहीच की. त्यांनाही त्रास होईल असंच वाटायचं मला.

तुझी पुआआंटी थोर आहे, पण ती तिथली. आपलं आपल्याला.

डोहाळजेवणाबद्दल सीमाताईंचा फोन आला. "अरुणाताई, ओटीबिटीचं सगळं मी बघते, तुम्ही अगदी आरामात बसा." आवाज मऊ होता. मी म्हटलं, फुलांची वाडी तरी मी करते. मुकुट, बाजूबंद, गळ्यातला हार. माझ्या आईने मला शिकवलं होतं, तुलाही आठवत असेल. फोल्सहिल रोडवरचा गुजराती फुलवाला म्हणाला, मोगरा विमानाने येतो, आधी सांगितलं तर मिळेल. बाकी कार्नेशन आणि शेवंती. दोऱ्यात ओवून देईन आणि स्वयंपाकघरात जाईन. पुरणपोळ्या माझ्याकडेच आहेत.

तिच्या अंगावर मात्र मी काही चढवणार नाही, ओटी भरणार नाही. कुणी नको म्हटलंय म्हणून नाही, प्रमोदिनी. तुला एकटीला सांगते. मलाच भीती वाटते. हे सगळं खोटं आहे असं मनात म्हणते, आणि लगेच म्हणते, खोटं नसलं तर? दुसऱ्याच्या लेकरावर कशाला परीक्षा? म्हणून ईशिता घरी आली की तिच्या पोटाला हात लावावासा वाटतो आणि मी भांडी आवरायला उठते.

यावर मला लेक्चर देऊ नकोस.

तुझी,
अरुणा


हिलो,
१९ मार्च २००४

प्रिय अरुणे,

लेक्चर देत नाही. पुआआंटीकडे गेले होते, तिचा निरोप तेवढा लिहिते.

तुझ्या सुनेसाठी तू फुलं ओवणार आहेस, हे ऐकून ती आधी खूश झाली. मग एकदम हातातली सुरी खाली ठेवली. "पोटुशी आहे ना ती? मग हार बांधू नको म्हणावं. दोन्ही टोकं मोकळी ठेवायची." इथे गरोदर बाईला गोल बांधलेला लेई कधीच घालत नाहीत. बाळाच्या गळ्याभोवती नाळ अडकेल म्हणतात. उघडा हार, नुसता खांद्यांवरून सोडायचा. तुझ्यासारखीच तीही म्हणाली, खरं की खोटं कुणाला ठाऊक, पण कशाला परीक्षा? दोघींची जोडी जमेल.

मग मी तिला तुझी अडचण सांगितली. हार तू ओवशील, पण घालणार दुसरं कुणी. तिला समजेना. तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "पण ती टूटू आहे ना?" टूटू म्हणजे आजी. "टूटूने नाही घालायचा तर कुणी?"

ती स्वतः आजीकडे वाढली. या लोकांत जुनी रीत आहे, त्याला हानाई म्हणतात. पहिलं मूल आजीआजोबांचंच. मुलगा झाला तर बापाच्या आईवडिलांकडे, मुलगी झाली तर आईच्या आईवडिलांकडे. लपवाछपवी नाही, दत्तकाचे कागद नाहीत. मुलाला दोन्ही घरं आपली. पुआला आपली आई रस्त्यापलीकडे राहते हे माहीत होतं, रोज भेटायची, पण झोपायची टूटूच्या कुशीत. टूटू विधवाच होती. पुआला त्यात विशेष काही वाटलंच नाही.

तिने आणखी एक विचारलं. तुझी मैत्रीण त्याच इंग्लंडात राहते का, जिथे आमचे राजा-राणी गेले होते? फार जुनी गोष्ट, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. हवाईचा राजा राणीला घेऊन लंडनला गेला, तिथे दोघांना गोवर झाला, आधी राणी गेली, मग राजा. शवपेट्या जहाजातून परत आल्या. पुआआंटीला वाटतं, इंग्लंडात माणसं गोवराने मरत नाहीत, एकटी पडून मरतात. मी म्हटलं, माझी मैत्रीण ठणठणीत आहे. सर्दी होते तेवढी अधूनमधून.

हार उघडाच ठेव.

तुझी,
प्रमोदिनी


कॉव्हेंट्री,
२६ एप्रिल २००४

प्रिय प्रमोदिनी,

कार्यक्रम छान झाला. पंचवीस-तीस बायका होत्या. ईशिता हिरव्या साडीत सुरेख दिसत होती. मोगरा ताजा मिळाला. पोळ्या कमी पडल्या नाहीत.

हार उघडा ठेवला होता. सीमाताईंनी विचारलं, का बांधला नाही? मी म्हटलं, दोरा कमी पडला.

मी दुपारच्याच कोच-बसने परत आले. पाय दुखत होते.

काही दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस.

अरुणा


स्टॅनमोर,
९ मे २००४

प्रिय प्रमोदिनी मावशी,

तुम्ही मला ओळखत नाही. मी ईशिता, अरुणाआईंची सून. तुमचा पत्ता एका पाकीटवर होता, आईंनी त्यातून मला मॅकाडेमिया दिले होते. मी हॅरोला संडे स्कूलमध्ये मराठी शिकली होती, म्हणून चुका असतील, सॉरी.

आमच्याकडे डोहाळजेवणला एक गोष्ट झाला. आई सकाळी कोचने बादलीत फुलं घेऊन आल्या. सगळं इतकं सुंदर बनवलं. मग हार माझ्या मम्मीच्या हातात दिला आणि किचनमध्ये गेल्या. मी खुर्चीवर बसली होती. सिल्कवरून तो हार सारखा घसरत होता, कारण मागे बांधलेला नव्हता. मम्मीने दोरा आणला आणि बांधायला लागली. तेवढ्यात आई किचनमधून धावत आल्या. "नको, बांधू नका, बाळाला नको." मी त्यांना इतक्या जोरात बोलताना कधी ऐकलं नाही. हाताला पीठ होतं. त्यांनी हारची दोन्ही टोकं मम्मीच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या खांद्यावर धरून उभ्या राहिल्या.

मग एक आंटी म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला?" हळूच म्हणाल्या, पण मी ऐकला. आईंनी हाताकडे बघितलं आणि टोकं सोडून दिली. परत किचनमध्ये गेल्या. मम्मीचा चेहरा लाल झाला होता. मम्मी म्हणाली, आता राहू दे तसाच. मग मीच दोन्ही टोकं हातात धरून बसली. सगळ्या फोटोत तशीच आहे.

सगळ्यांनी माझी ओटी भरली. आईंनी नाही. मी शोधायला गेली तर त्या गेल्या होत्या. जेवल्या पण नाहीत. आता फोन उचलत नाहीत. उचलला तर सर्दी आहे म्हणतात. उदय म्हणतो, लीव्ह हर, ती अशीच आहे बाबा गेल्यापासून. मम्मी म्हणते, तू नको विचारू, कॉम्प्लिकेटेड आहे.

मावशी, मला खरं सांगा. त्यांना मी आवडत नाही का? पहिले त्या मला जवळ घेत होत्या. बाबा गेल्यानंतर हातपण लावत नाहीत. मी आली की उठून भांडी घासतात. बाळाचं सांगितलं तेव्हापासून तर जास्तच. मला वाटलं, त्यांना इंडियाची सून पाहिजे होती. काही रूल आहे का, जो मी मोडला?

तुमची,
ईशिता


हिलो,
१८ मे २००४

चि. ईशिता,

तुझं मराठी छान आहे. तू काहीही मोडलेलं नाहीस.

रूल आहे, पण तो मी सांगणार नाही. तो तिनेच तुला सांगायला हवा. आणि ती तुला हात लावत नाही ते तू आवडत नाहीस म्हणून नाही. अगदी उलटं आहे.

फोन करू नकोस. जा. डॉक्टर ट्रेनने जा म्हणाले तरच, आणि उदयला सांगून. ती दार उघडेल आणि चहा घेतेस का विचारेल. हो म्हण आणि बस. ती भांडी घासायला उठली तरी बसून राहा.

तुझी,
प्रमोदिनी मावशी


कॉव्हेंट्री,
३० ऑगस्ट २००४

प्रिय प्रमोदिनी,

मध्ये तू तीन पत्रं पाठवलीस आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. ईशिताने तुला काय लिहिलं ते मला तिनेच सांगितलं. तू काय लिहिलंस तेही. आधी रागावले होते. आता नाही.

मेच्या शेवटी ती आली. युस्टनहून ट्रेनने, एवढं पोट घेऊन. दार उघडलं तर ही उभी. मी विचारलं, चहा घेतेस का? ती हसायलाच लागली. मला कळेना, का हसते.

चहा झाला. मी कप उचलले. ती बसूनच राहिली. कप विसळले, कोरडे केले, कपाटात ठेवले, तरी ती तिथेच. मग म्हणाली, "आई, कुठला रूल आहे?"

मी सांगितलं, प्रमोदिनी. जसं लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. नवरा गेलेल्या बाईने काय काय करायचं नसतं ते. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे उदयला काही झालं तर मीपण?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. असं बोलू नये गं.

तिने हात बाजूला केला, पण सोडला नाही. "मग मी पण माझ्या बाळाला हात नाही लावायचा?"

"तू आई आहेस."

"आणि तुम्ही कोण?"

तिने माझा तळवा पोटावर ठेवला. गोष्टीत बाळ लाथ मारतं, तसं काही झालं नाही. बाळ झोपलेलं होतं. आम्ही दोघी तशाच बसलो. बाहेर शेजाऱ्याचं लॉन मोवर चालू होतं, ते बंद झालं, तरी बसलो होतो.

मुलगी झाली. अन्वी. सुखरूप झाली, नाळबिळ काही नाही. तुझ्या पुआआंटीच्या हिशेबाने पहिली नात सीमाताईंची, माझी नाही, पण तिला सांग की आम्ही वाटून घेतली. ते कसं झालं ते सांगते. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येणारी नर्स, प्लॅस्टिकचा टब दाखवून गेली होती, पण ईशिताला बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला हवं होतं, तिची आजी घालायची तसं. सीमाताईंचे गुडघे गेलेले, त्यांना खाली बसवत नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अरुणाताई, तुम्हीच बसा खाली. मी पाणी घालते."

स्टॅनमोरच्या त्या टाइल्सच्या बाथरूममध्ये मी शॉवरखाली बसले, पाय लांब करून. अन्वीला पायांवर पालथी घेतली. सीमाताई स्टुलावर बसून मगाने पाणी घालायच्या. "गरम नाही ना?" "नाही हो, घाला." "डोक्यावर जपून." "जपतेय." मी उन्हाळाभर तिथेच राहिले, रोज एवढंच बोलणं. एप्रिलमधल्या त्या दिवसाबद्दल त्यांनी काही काढलं नाही, मीही नाही. एकदा मात्र माझ्या पोटऱ्यांना तेल कमी पडतंय म्हणून त्यांनी आपल्या हातातलं ओतलं.

सगळं बदललं असं समजू नकोस. बारशाला कॉव्हेंट्रीची मंडळी आली होती. हळदीकुंकवाचं ताट फिरलं. अनुराधावहिनी माझ्यापाशी आल्या, क्षणभर थांबल्या, हसल्या, आणि पुढे गेल्या. मला नेहमीसारखं उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटलं. पण अन्वी माझ्या मांडीवर झोपली होती. उठता येईना. म्हणून तिथेच बसून राहिले, सगळ्यांच्या मधोमध, शेवटपर्यंत.

परवा परत आले. त्यांचं त्यांना राहू द्यायला हवं, आणि ईशिताची रजा अजून आहे. ती म्हणते, दर महिन्याला या. येईन म्हटलंय. घर फार शांत वाटतं. दुपारी इथे कुणी दार वाजवत नाही. अजून दिवे लवकरच लावते.

काल संध्याकाळी टीव्हीसमोर गालिच्यावर बसले होते, बातम्या चालू होत्या. खाली पाहिलं, तर माझे पाय लांब झालेले, बोटं वर, मध्ये अन्वीपुरती जागा ठेवून. केव्हा पसरले मला कळलंही नाही. मी ते तसेच राहू दिले.

तुझी,
अरुणा